सहा वर्षांची कळी

३ मे
ही आपल्या ताईकडे गेली. ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, तीन आठवडे. बाग माझ्या ताब्यात. कुंडीतल्या लाडक्या कंदाबद्दल सूचना द्यायला लागली. सुरणाचा लांबचा भाऊ, पण शोभेचा. सहा वर्षं नुसतं पान देतोय, फुलाचा पत्ता नाही. म्हटलं, मला शिकवू नकोस, गाडी चुकेल. झाडांना शिस्त लागते, लाड नाही.

९ मे
कळी! वीतभर, जांभळी. सहा वर्षांत हिला जमलं नाही ते मी सहा दिवसांत केलं. फोटो पाठवला. ही फोनवर चक्क रडली. मी समजूत घातली की काहींच्या हाताला गुण असतो, त्याला इलाज नाही.

१७ मे, सकाळी ८
घरात भयंकर वास. उंदीर मेला असणार. तिन्ही कपाटं सरकवली. उंदीर नाही. कंबर गेली.

दुपारी १२
प्लंबर आला. गटारात डोकावून म्हणाला, गटार तुमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे. त्याला चहा दिला नाही.

दुपारी ४
वास कुंडीतून! कळी उघडून काळी पडलीय, वर माश्या. कंद कुजला. हिनेच आधी पाणी जास्त घातलं असणार.

संध्याकाळी ५
धाडसी निर्णय. कंद उपटला, कचऱ्याच्या गाडीत दिला. कुंडी फिनाइलने धुतली. हिला आत्ताच सांगणार नाही. ताईचं दुखणं, त्यात हे. तसलाच कंद आणून लावू. कंदाला कुठे चेहरा असतो?

१८ मे, सकाळी
नर्सरीवाल्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला. म्हणाला, काका, ते फूलच होतं. मेलेल्या उंदरासारखाच वास येतो त्याला, माश्या याव्यात म्हणून. एकच दिवस. तसला कंद त्याच्याकडे नाही. कोणाकडेच नाही, म्हणाला.
घरी आलो. जेवलो नाही.

दुपारी
हिचा फोन. पहिलाच प्रश्न, वास येतोय का? म्हटलं, अजिबात नाही. (हे खरं आहे.) ही म्हणाली, हुश्श, म्हणजे अजून उमललं नाही! लगेच निघते. किती आनंदात होती. म्हटलं, ये सावकाश.

१९ मे
खरं सांगायचं ठरवलं. फोन लावला. ही बसमध्ये. मी ‘अगं, ते फूल’ एवढंच म्हटलं. ही म्हणाली, काही सांगू नका, आम्हाला डोळ्यांनी बघायचंय. आम्हाला म्हणजे? ताईपण निघालीय, वॉकर घेऊन.
फिनाइलचा वास जावा म्हणून खिडक्या उघडल्या. आणखी काय करावं, सुचत नाही.