पोतंभर पीठ

४ जानेवारी
काल पाटोद्याच्या महिला मेळाव्यात बोललो. विषय : पुरुष आणि चूल. टाळ्या थांबेनात. शेवटी गरजलो, ज्याला भाकरी थापता येत नाही त्याने समतेवर बोलू नये! बचत गटाच्या अध्यक्षा सरस्वतीबाईंनी माईकच ओढला. म्हणाल्या, "दादा, मग २८ तारखेच्या मेळाव्याला तुमीच थापा, आमी बघताव. फुगली तर कायमचे पाहुणे तुमीच. न्हाई तर दुसरं बघू." पुन्हा टाळ्या. या जरा जास्तच वाटल्या.

५ जानेवारी
वनमाला माहेरी, धर्मापुरीला. तिला कळवलेलं नाही. क्रांती आधी घरात, मग व्यासपीठावर. (व्यासपीठावर आधी झाली, हे वेगळं.)
वाचन सुरू. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून कणकेसारखी ताणली जात नाही. पिठात उकळतं पाणी घातलं की त्यातला स्टार्च फुगतो आणि पीठ चिकटून येतं. वनमाला लग्नापासून हेच करते. कारण कधी सांगितलं नाही.

६ जानेवारी
पोतंभर ज्वारी एकदम दळून आणली. गिरणीवाला गहिनीनाथ म्हणाला, "एवढं कावून दळताय? घरी लगीन हाय का?" नियोजन ही गोष्ट आपल्या समाजाला शिकवावी लागेल. भाषणात घेणे.

७ जानेवारी
पहिली भाकरी. आकार बीड जिल्ह्याचा. उलटताना पाटोदा तालुका वेगळा झाला. दोष तव्याचा.

८ जानेवारी, सकाळ
बोटं भाजली. उकळतं पाणी उलथन्याने कालवायचं, कोमट झालं की मग हात घालायचा. हे पुस्तकात का नाही? बोटांना टूथपेस्ट लावली. टूथपेस्ट लावायची नसते, गार पाण्याखाली धरायची असतात, असं नंतर वाचलं.

११ जानेवारी
फुगली!! टम्म! युक्ती अशी : तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. सुकू दिलं की चिरा पडतात. फोटो काढेपर्यंत करपली. पण इतिहासात फुगल्याचीच नोंद राहील.
सराव बंद. पोहणं एकदा आलं की आलं.

१९ जानेवारी
दौरा. मांजरसुंब्याला ढाब्यावर जेवलो. आचाऱ्याला स्टार्चचं शास्त्र उभ्याउभ्या समजावलं. भारावला असावा. न मागता बिल आणून दिलं.

२७ जानेवारी
सरस्वतीबाईंचा फोन. पीठ आमीच ताजं आणून ठिवताव, म्हणाल्या. साफ नकार दिला. स्वावलंबनावर बोलायचं आणि पीठ परक्याचं?
मग वनमालाचा फोन. कुणीतरी तिला सांगितलंच. एवढंच विचारलं, "पीठ कवाचं हाय?" म्हटलं, आपलंच. तर म्हणे, "आवं, कवाचं इचारलं. कुणाचं न्हाई." रेंज नसावी. ठेवला फोन. मुद्दे काढायचे होते.

२८ जानेवारी, दुपार, पाटोदा
अर्धा तास बोललो. मग परात. उकळतं पाणी, उलथनं, सगळं शास्त्रोक्त. पहिली परातीतच फुटली. दुसरी उचलताना हातात आली ती अर्धी. तिसरीचा चुरा तव्यावर पडला. मी विषय बियाणं कंपन्यांकडे वळवला.
सरस्वतीबाईंनी पीठ चिमटीत घेऊन चोळलं. म्हणाल्या, "इरी गेलीया दादा याची. इरी म्हंजी चिकटा. दळून लई दिस ठिवलं की जातंय. मग त्यात उकळतं पाणी वता, न्हाई तर भाषण वता."
मागून एक बाई : "भाषणाची बी गेलीया. मागच्या टायमाचंच हाय!"
हशा पाच मिनिटं. लोकशिक्षणात विनोदाला स्थान आहेच.

३१ जानेवारी
वनमाला आली. पोतं पाहिलं, मला पाहिलं. पोत्याकडे जास्त वेळ पाहिलं. मग त्याच पिठात थोडी कणीक, बेसन, कांदा, तिखट, तीळ घालून धपाटे केले. एकही तुटला नाही. चिकटा गेलेल्या पिठाला कणीक आणि बेसन धरून ठेवतात. हे मीही सुचवणार होतो.
म्हणाली, पोतं सरंस्तोवर आता हेच.

९ फेब्रुवारी
धपाटे.

१२ फेब्रुवारी
धपाटे. दह्यासोबत.

२ मार्च
सरस्वतीबाईंचा फोन! म्हणजे पाहुणा अजून मीच. छाती भरून आली. म्हणाल्या, "दादा, ८ तारखेला पाहुण्या म्हणून वनमालाताईंना बोलावलंय. त्यास्नी फोन द्या. अन् तुमी परात उचलाया या."
दिला फोन.

८ मार्च, सकाळ
वनमालासाठी तीन पानी भाषण लिहिलं. संपूर्ण नवीन. द्यायला गेलो तर ती गिरणीतून आत्ताच आणलेलं, अजून गरम असलेलं पीठ डब्यात भरत होती. कागदांकडे बघितलंही नाही.
म्हणाली, "भाषण कशाला? पीठ ताजं हाय."