चटका न लागणारा हात

दादा, आज माझ्या दवाखान्यात मी एका माणसावर ओरडले. लातूरजवळच्या मुरुडचा शेतकरी होता, बायकोला घेऊन आला होता. तिच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, फिकट चट्टा. मी काही विचारलं की तिच्याऐवजी तोच बोलायचा. "नायटा हाय मॅडम. लई खाजतंय तिला. मलम द्या एखादं." मी म्हटलं, खाज तुम्हाला येते की त्यांना? तुम्ही गप्प बसा. बाई खाली मान घालून म्हणाली, "न्हाई खाजत." मी तिला डोळे मिटायला लावले, कापसाची वात करून हातावर फिरवली आणि म्हटलं, जिथं लागेल तिथं बोट ठेवा. सगळीकडं तिनं बरोबर बोट ठेवलं. चट्ट्यावर वात टेकवली तेव्हा ती तशीच बसून राहिली, पुढच्या स्पर्शाची वाट बघत. मग मी त्या माणसाला फैलावर घेतलं. इतके दिवस काय करत होता, डोळे फुटले होते का, बायको आहे की बैल. बिचारा घाबरून म्हणाला, "मॅडम, पंधरवडाच झाला दिसून. लगेच आणलं की." खरंच लगेच आणलं होतं त्यानं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. ते सगळं बोलणं माझ्या बापाच्या, तुमच्या वाट्याचं होतं, दादा, म्हणून आता घरी येऊन लिहायला बसले आहे.

लातूर जिल्हा नवा झाला आणि तुमची बदली नव्या कचेरीत झाली, तेव्हा मी दुसरीत असेन. आपल्या भावकीत सरकारी खुर्चीवर बसलेले तुम्ही पहिले. गावात आपली घरं वेशीबाहेर. इथं मात्र डाळमिलच्या मागच्या गल्लीत, सगळ्या जातींच्या बिऱ्हाडांमध्ये तुम्ही खोली मिळवलीत. आडनाव ऐकून किती जणांनी "खोली कालच गेली" म्हणून दार लावलं, ते तुम्ही हसत सांगायचात. मला तेव्हाही ते हसू आवडायचं नाही. पाठोपाठ पाऊस गेला. तुम्हाला टंचाईच्या टेबलावर बसवलं, कुठल्या गावाला टँकर जायचा ते तुमच्या हातून ठरायचं, आणि आपल्याच गल्लीत आई घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी असायची. तुम्ही कधी एक घागरसुद्धा जास्त मागितली नाहीत. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे, आणि तेच तर अवघड आहे.

ते दिवस आठवले की दिसतं, आई चुलीपुढं बसलीय. गावाकडून आलेल्या तुराट्या भडाभडा पेटताहेत आणि ती निखाऱ्यावरची भाकरी बोटांनी फिरवतेय. सगळ्याच बायका फिरवतात, पण आईचा हात निखाऱ्यावर रेंगाळायचा. उकळत्या आमटीचं पातेलं ती पदर न लावता, सांडशी न घेता, नुसत्या हातानं उचलून खाली ठेवायची. कचेरीतले लोक जेवायला आले की तुम्ही मुद्दाम त्यांना दाखवायचात. "बघा, हिला चटका लागतच न्हाई. आमच्याकडच्या बाया अशा असतात, लोखंडाच्या." लोक वाहवा करायचे, आई लाजायची, आणि मी शाळेत सांगायचे की माझी आई आगीला भीत नाही. एकदा तिच्या करंगळीला लिंबाएवढा फोड आला होता. मी ओरडले, आई, तुझं बोट बघ! तिनं दुसऱ्या कुणाचं बोट बघावं तसं ते बघितलं. तुम्ही पेपरातून डोकं वर काढून म्हणालात, "कामाच्या हाताला फोड येणारच. कशाला कांगावा करतीस?"

आईच्या हातावर चट्टा तेव्हा होताच. तुम्ही त्याला गजकर्ण म्हणालात आणि बसस्टँडवरून उग्र वासाचं पिवळं मलम आणलंत. दादा, मी रोज गजकर्ण बघते. त्याची कड उठलेली, लाल, गोल फिरत जाणारी असते, आत बरं होत जातं आणि बाहेर पसरतं, आणि माणूस खाजवून वेडा होतो. आईनं तिथं कधी नखसुद्धा लावलं नाही. शेजारची काकू म्हणायची शिबं असेल. शिबं घामाच्या जागी येतात, खरवडलं की पिठासारखा कोंडा निघतो. तिसरं कुणीतरी कोड म्हणालं. कोड दुधासारखं पांढरं असतं, त्यावरचे केससुद्धा पांढरे होतात, पण कातडी जिवंत असते, मुंगी चालली तरी कळते. लोकांना ज्याची सगळ्यात जास्त भीती, ते कोड तर निव्वळ रंगाचं दुखणं. आईचा चट्टा पांढरा नव्हता, फिकट होता. कोरडा होता. लातूरच्या उन्हाळ्यात सगळं अंग निथळायचं आणि तेवढ्या जागेला घाम यायचा नाही, तिथली लव गळून गेली होती. एवढं सगळं उघड्यावर होतं. मग तुम्ही तेही उघड्यावर ठेवलं नाहीत. भर वैशाखात तिला पूर्ण बाह्यांची पोलकी शिवून आणलीत. "शहरात असंच घालत्यात," म्हणालात. मला वाटलं, किती हौस दादांना.

आणि कुष्ठरोगाचे तपासणीवाले आले तो दिवस. एक बाई, एक पुरुष, घरोघर जाऊन लोकांच्या पाठी, हात बघत होते. गल्लीत सगळ्यांनी दाखवलं, घरमालकिणीनंसुद्धा. आपल्या दारात तुम्ही आडवे उभे राहिलात. "आमच्यात कुणाला काही न्हाई. आम्ही स्वच्छ माणसं हावोत." ती बाई म्हणाली, "साहेब, याला गोळ्या आहेत आता. फुकट आहेत. वेळेवर घेतल्या की हात-पाय शाबूत राहतात." मी तुमच्या मागं उभी होते, दादा. मी ऐकलं, म्हणजे तुम्हीही ऐकलंत. तुम्ही दार लावलंत.

त्या गोळ्या आईला मिळाल्या त्या तुम्ही गेल्यानंतर. मी नांदेडला डॉक्टरकी शिकत होते. त्वचारोगाच्या वॉर्डात आमच्या सरांनी एका म्हाताऱ्याच्या हातावर कापूस फिरवला, मग त्याच्या कोपराची आतली बाजू चाचपून आम्हाला म्हणाले, हात लावून बघा, शीर दोरीसारखी जाड झालीय. मी हात लावला आणि मला तुराट्यांचा वास आला. शनिवारी एस.टी.नं घरी गेले, आईचा कोपर धरला. तीच दोरी. तोवर तिची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळून बसलं होतं. वर्षभराच्या औषधानं रोग गेला. बोटं गेली ती गेलीच. आजही ती ताट दोन्ही हातांनी धरते.

तुम्हाला कळलं नसेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. कारकून माणूस, त्याला गजकर्ण वाटलं असेल. गेल्या महिन्यात मी तसं बोलले, तर आई तूर निवडता निवडता म्हणाली, "त्यांला माहीत व्हतं की. चट्टा दिसला त्याच साली. गरम वाटी माझ्या हाताला लावून बघितली व्हती त्यांनी. मला काही लागंना." मी विचारलं, मग? "मग काय. जेवले. माझ्या हातचं. माझ्या मावशीला नवऱ्यानं गोठ्यात टाकलं व्हतं ह्याच रोगापायी. ह्यांनी एक दिस माझं ताट येगळं केलं न्हाई."

म्हणजे कळत होतं. कळत असूनही पाहुण्यांपुढं ते कौतुक चालू ठेवलंत, कुणाला संशय येऊ नये म्हणून. खोली जाईल, गल्ली बोटं दाखवेल, एका विटाळातून बाहेर पडलेला माणूस दुसऱ्या विटाळात ढकलला जाईल, हे सगळं मला समजतं. मी त्याच घरात वाढले आहे. पण हा रोग शिवल्यानं होतो असं मानूनही तुम्ही तिच्या हातचं खात राहिलात आणि मला तिच्या कुशीत झोपू दिलंत. एवढी छाती होती, तर तीच छाती घेऊन दवाखान्यापर्यंत का गेला नाहीत? त्या खोलीचं भाडं तुम्ही आईच्या दोन बोटांनी भरलंत. तिला विचारलंतसुद्धा नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. तुरीतला खडा बाजूला टाकत आई पुढं म्हणाली, "त्यांचा तरी काय दोष, पोरी? त्या टायमाला ह्याला औषिद कुठं व्हतं?" ती बाई दारात काय म्हणाली होती, ते सांगायला तोंड उघडलं. आणि म्हटलं, "नव्हतं, आई."