आंद्रेयच्या नावावर नाही

बिंगहॅम्टन, ४ मार्च १९८७

चि. श्टेफान यास लुडमिलाताईचे अनेक आशीर्वाद.

अखेर त्या कंपनीने दावा ठोकलाच. आमच्या कारखान्यातल्या मशीनची नळी सर्किट बोर्डावर नेमक्या जागी वितळलेल्या सोल्डरचा थेंब सोडते, ती पद्धत म्हणे त्यांची! आंद्रेय त्यांच्याकडे नोकरीला होता, म्हणून त्याला सुचलेलं ते कंपनीचं, आणि तेच मी ढापलं, असं त्यांचं म्हणणं. काल त्यांचा वकील केक घेऊन आला. शोध आंद्रेयचा एवढं लिहून द्या, पेटंटावर त्याचं नाव घालतो, दावाही मागे घेतो, म्हणाला. वर नवऱ्याच्या आत्म्याला शांती लाभेल, हेही ऐकवलं. मी केक ठेवून घेतला आणि त्याला दार दाखवलं.

एलेनाला आठवण सांग. लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी ताई

क्लीव्हलंड, ११ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

रागावू नकोस, पण सही करून टाक. एवढ्या मोठ्या कंपनीपुढे तुझा टिकाव कसा लागणार? भाऊजींचं नाव राहील, कारखानाही चालेल. एलेना मात्र म्हणते, बहिणीची निम्मी धमक तुझ्यात हवी होती. घरात मी एकटा पडलोय.

तुझ्या रागासह लोभ असावा.
श्टेफान

बिंगहॅम्टन, १७ मार्च

चि. श्टेफान यास आशीर्वाद.

सही करणार नाही. आंद्रेय भला माणूस, माझ्यावर जीव टाकायचा. पण नळी तुंबायची आणि मी मनगटं भाजून घ्यायची, तेव्हा तो शेजारच्या खोलीत रेडिओवर बेसबॉल ऐकत असायचा. मेलेल्या माणसाला खोट्याचा मानकरी करू? तू त्या उन्हाळ्यात आमच्याकडे राहिला होतास, सगळं डोळ्यांनी पाहिलंस. साक्षीला ये. नाही आलास तरी मी लढणारच.

येशील त्या गाडीचं कळव. माया तशीच आहे.
ताई

बिंगहॅम्टन, २० नोव्हेंबर

चि. श्टेफान यास भरभरून आशीर्वाद.

आज निकाल लागला. पद्धत माझीच! तू पिंजऱ्यात चाचरत होतास, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. पण तिला हे नवऱ्यानेच शिकवलं असेल ना, असं त्यांच्या वकिलाने विचारल्यावर तू उसळून म्हणालास, की भाऊजींना बल्ब बदलायलाही ताईच लागायची. ज्यूरी हसली. आंद्रेयही हसला असता.

ते वॉशिंग्टनला अपील करणार आहेत. बाहेर पडताना वकिलाने हात पुढे केला आणि मिसेस आंद्रेय हुडाक म्हणून माझं अभिनंदन केलं. मी त्याला सांगितलं, माझं नाव लुडमिला. अपिलाच्या कागदावर नीट लिहा.

एलेनाला घट्ट मिठी. तुम्हा दोघांचा लोभ असाच राहो.
लुडमिला