शेवटच्या बाकावरून कॅरम

२९ ऑक्टोबर १९७३, सोमवार

मच्छिंद्रने मला काढलं! सहा वर्षांची आमची जोडी. कॅरमच्या दुहेरीत देवळालीत आमच्यापुढे कुणी बसायला धजत नाही — आणि यंदा नगरच्या स्पर्धेला तो श्रीमंतला घेऊन चाललाय. श्रीमंत! त्याला स्ट्रायकर कसा धरायचा हे मी शिकवलं, याच मच्छिंद्रच्या सायकलच्या दुकानात.

विचारलं, का? मान खाली घालून पंक्चरची ट्यूब घासत राहिला.

"औंदा तू बस, गोरक्ष."

"पर का?"

"बस म्हनलं ना."

गेल्या महिन्यात चार-दोन सोप्या सोंगट्या सुटल्या माझ्याकडून, नाही म्हणत नाही. पण त्या बोर्डाची पार रया गेलीय. वर त्या दुकानात उजेड तरी कुठाय!

३१ ऑक्टोबर

दुकानावरून गेलो नाही. ट्रक लावून बाजाराच्या मागून घरी आलो. बायको राही म्हणते, भाजीत मीठ बरोबर हाय, तुमच्याच तोंडाला चव न्हाई. असेल.

३ नोव्हेंबर

उद्या नगरला जाणार. बघायला. खरं सांगायचं तर त्यांना हरताना बघायला! इथे कोण वाचतंय.

राही म्हणाली, "जीव जाळून घ्यायला कशाला जाताय?" आणि उगाच डोळे पुसत आत गेली. बायकांचं काही कळत नाही.

४ नोव्हेंबर, रविवार

मुद्दाम शेवटच्या बाकावर बसलो, मच्छिंद्रला दिसू नये म्हणून. हॉल भरलेला, विड्यांचा धूर. बोर्डावर एकेक दिवा, तोही मिणमिणता. नगरच्या लोकांनी कंजूषपणाची हद्द केली! गुणांचा फळा तर असा पुसट, की शेजारच्या म्हाताऱ्याला विचारावं लागलं. तो म्हणाला, "अवो, एवढं मोठं ल्हिलंय की!" दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही.

आमची — त्यांची — जोडी शेवटच्या सामन्यापर्यंत गेली. श्रीमंत बरा खेळला, मान्य. मच्छिंद्र तर काय! तो वाकला की मला न बघताही कळतं, सोंगटी कुठल्या कोपऱ्यात जाणार. माझी बोटं मांडीवर आपोआप टिचक्या मारत होती. माझी जागा होती ती. माझी!

मग त्याने मारलं आणि मी उभा राहून ओरडलो, "राणी गेली!"

अख्खा हॉल हसला. गेली होती काळी सोंगटी. राणी बोर्डाच्या मधोमध तशीच होती म्हणे.

मच्छिंद्रने वळून बघितलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं. पण तो असा बघत राहिला, जसं माझ्या घरी कुणी गेलंय. पुढची सोपी सोंगटी त्याने चुकवली आणि हरले.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो दारापाशी आला, "चल, संगंच जाऊ." मी तोंड फिरवून एसटी गाठली.

६ नोव्हेंबर

आज आप्पासाहेबांनी बोलावलं. ट्रक त्यांचा, पण बारा वर्षं चालवतोय मी. म्हणाले, "गोरक्ष, गाडीची चावी ठिव हितं. डोळं दाखवून ये आदी."

डोळे? कुणी सांगितलं? तर म्हणे मच्छिंद्र येऊन गेला.

केसाने गळा कापला! आधी बोर्डावरून उठवलं, आता गाडीवरून उतरवतोय. मी काय वाकडं केलं त्याचं? बारा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ओढ्यापाशी एक येडपट बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन थेट गाडीपुढे आली — ब्रेक दाबून तिला वाचवली कुणी? मीच! शिवाय खाली उतरून आईवरून शिव्या हासडल्या. ती तोंडातून चकार शब्द न काढता उभी होती.

चावी दिली नाही. रविवारी कर्जतकडून ऊसतोडीची माणसं आणायची आहेत, बायकापोरांसकट. दर साली मीच आणतो. यंदाही मीच आणणार. बघू कोण अडवतो!

७ नोव्हेंबर

मच्छिंद्र घरी आला होता. मी आतून कडी लावली. राही म्हणाली, "असं करू नगा, भाऊ हायेत." म्हटलं, तो भाऊ मला मेला.

तिने दिवसभर जेवण केलं नाही. तिला त्याचा एवढा पुळका का?

९ नोव्हेंबर

राहीने चुलीकडे तोंड करून विचारलं, "वढ्यापाशी शिव्या दिल्या ती बाई कोन हुती?"

म्हटलं, मला काय माहीत, असेल कुणी वेडी.

"मी हुते. तुमी हातभर अंतरावरनं माझ्या तोंडाकडं बघून बोलत हुता. मंग मी मच्छिंद्रभाऊंकडं गेले. ते म्हनले, तुमी सांगितलं म्हनून बोलू नगा वैनी, शिव्या मला खाऊ द्या."

चावी तिच्याच हातात दिली.