पहाटे पाचची लिमिट

३ एप्रिल, गुरुवार
परत तेच. ४२९. काँप्युटरवर, लाल अक्षरात. पोळ्या लाटणाऱ्या संगीतानं वाचून दाखवलं, "ताई, एपीआय लिमिट संपली म्हणतंय." म्हणलं, आत्ता कुठं पाच वाजलेत, दिवस उजाडला नाय अन् संपली कशी? कोणी खाल्ली?

पोळ्यांचा आकडा आलाच नाय. अंदाजानं लाटल्या. वाळूजच्या गाडीत डबे कमी, हॉस्टेलच्या गाडीत जास्त. उरलेल्या फोडणीला टाकल्या, बायकांनी खाल्ल्या.

दिवाळीपर्यंत मीच एकेकाला फोन लावायचे. आज डबा का नाय, पोळ्या किती. बरं चाललं होतं. रूपाली म्हणली, आई, घसा बसतो तुझा, मी सगळं क्लाऊडवर टाकून देते. पोरगी माझी इंजिनीर, सासर इथंच सिडकोत, ऑफिसचं काम घरूनच. तिला नाय कसं म्हणू? आता पहाटे सगळ्यांना मेसेज जातो, उत्तरं तिकडं जमा होतात, अन् पाचला तीन कामं एकदम चालतात. एक पोळ्या मोजतं, एक उपास-पथ्य बघतं, एक गाड्यांची यादी करतं. पाच महिने गुमान चाललं. गुढीपाडव्यापासून बिघडलंय.

रू.ला फोन केला. "आई, तू बटण दोनदा दाबत असशील." मी बटणाला हातबी लावत नाय. संगीता लावते.

५ एप्रिल, शनिवार
रू. म्हणली तिन्ही कामं एकदम चालवू नकोस. एका मिनिटात किती वेळा विचारायचं त्याला हद्द असते, ती ओलांडली की दार बंद. मला कळतं. आपल्या गल्लीत नळ आला की सगळे मोटारी लावतात अन् कोणालाच धार येत नाय, तसं.

मग एकामागं एक लावा म्हणली. उद्यापासून तसं.

९ एप्रिल, बुधवार
एकामागं एक लावलं. तरी मधूनच ४२९. वर आणखी उशीर. गाडी निघेपर्यंत ऊन वर आलं. वाळूजला कंपनीच्या गेटवर डबे आत घेईनात, शिफ्ट सुरू झाली म्हणे. ड्रायव्हर अन्वर भाई परत घेऊन आला. "ताई, मशीन से अच्छा तो आपका गला था." हसला. मला हसू आलं नाय.

रू. म्हणायली, "तू घाई करतेस आई. नीट वाचत नाहीस स्क्रीनवर काय लिहिलंय ते." म्हणलं, चौथीपर्यंत शिकले मी, इंग्रजी वाचलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?

मग म्हणली, "मी एक सोय टाकते. नाही म्हणलं की ते आपोआप परत विचारेल."

११ एप्रिल, शुक्र.
आपोआप परत विचारतंय. ते नाय म्हणतंय. हे परत विचारतंय. सगळी पहाट हेच. आधीपेक्षा जास्त लाल.

१६ एप्रिल, बुधवार. संकष्टी
लाज गेली आज.

उपासाचं काम अर्ध्यात तुटलं. संगीताला वाटलं झालं, अन् त्या उलटसुलट यादीवरच डबे भरले. ज्यांचा उपास त्यांना भाकरी अन् वांग्याचं भरीत गेलं, कांदा घालून. ज्यांचा नाय त्यांना साबुदाणा. अकरापासून फोन. औरंगपुऱ्यातले एक आजोबा, दर महिन्याला चंद्र बघून सोडतात, ते म्हणले, "बाई, चतुर्थी माझी अन् कांदा तुमचा, हे कसं जमायचं?" त्यांची माफी मागितली. दुसरा एक पोरगा कंपनीतला, "मावशी, साबुदाण्यावर मशीन चालत नाय ओ, मला काय पुण्य बांधून दिलं का?"

हॉस्टेलचे देशमुख सर संध्याकाळी स्वतः आले. चहा घेतला नाय. उभ्यानंच, "ताई, मुलींचे पालक मला विचारतात. महिना संपेपर्यंत बघतो. नाहीतर दुसरीकडं सांगावं लागंल." हॉस्टेल गेलं तर पोळ्या लाटणाऱ्या निम्म्या बायका मला घरी बसवाव्या लागतील. ते त्यांना कसं सांगू. त्या तिथंच होत्या. ऐकलं सगळ्यांनी.

१८ एप्रिल, शुक्रवार
रू.चा फोन लागेना. मीटिंग. मग मीच संगीताला म्हणलं, त्या क्लाऊडवाल्यांचा मदतीचा नंबर काढ. तासभर गाणं ऐकवलं. मग एक बाई बोलली, हिंदीत. चांगली होती. मी म्हणलं हळू बोला, मला यातलं कळत नाय.

ती म्हणली, नाय म्हणल्यावर लगेच परत विचारू नका, दर वेळी थांबायचा वेळ वाढवा. बरं. मग म्हणली, लिमिट एकेका कामाला नसते, पूर्ण खात्याला मिळून असते. बरं. मग बघून म्हणली, "मॅडम, आपके तीन काम से इतना नहीं होना चाहिए. पाँच बजे और कौन चलाता है?"

म्हणलं, कोणी नाय.

"एक दिन तीनों बंद रखके देखिए."

१९ एप्रिल, शनिवार
तिन्ही बंद ठेवली. जुन्या पद्धतीनं फोन लावले. घसा गेला, पण पोळी ना पोळी बरोबर.

पाचला संगीतानं ते पान उघडलं, जिथं खातं किती चाललं त्याची रेघ वर चढते. आमचं काही चालू नाय. रेघ चढली. डोंगर झाला. उतरली, परत डोंगर. चूल बंद अन् धुराड्यातून धूर, अशी गत. मी खुर्चीत बसून बघत राहिले.

मदतवाल्या बाईला फोन. "आपकी चावी किसी और के पास है, मॅडम."

चावी म्हणजे तो लांबलचक अक्षरांचा पासवर्ड, तो टाकला की कामं माझ्या खात्यावर चालतात. तो तिघींपाशी. मी, रू., संगीता. माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, अन् कपाट मी सोडून कोणी उघडत नाय.

रू.ला सांगितलं. मग म्हणली, "संगीताला विचार ना. रोज तीच बसते काँप्युटरवर."

२० एप्रिल, रविवार
विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं. बाजूला घेऊन विचारायचं सुचलं नाय, अन् सुचलं असतं तरी मी घेतलं नसतं, माझा स्वभावच तसला.

"चावी कोणाला दिलीस?"

ती लाटणं ठेवून बघायली. "कसली चावी ताई? रूपालीताईनं दाखवलं ते बटण दाबते मी. त्याच्या आत काय असतं मला काय ठावं?"

"मग धूर कुठून निघतोय?"

"मला चोर म्हणायल्यात का तुम्ही?"

मी नाय म्हणलं नाय. तिनं ॲप्रन काढला, घडी घातली, ओट्यावर ठेवला. चपला घालताना म्हणली, "तुमच्या पोरीच्या लग्नात रात्रभर लाडू वळले मी." गेली.

बायका खाली मान घालून लाटत होत्या. मला काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ एप्रिल, गुरुवार
संगीता नाय. बटण मी दाबते. ४२९. तिच्याशिवायबी ४२९. मग तिचं काय चुकलं होतं? रू.ला हे म्हणलं तर म्हणाली, "ती घरून चालवत असेल." संगीताच्या घरी काँप्युटर नाय. पत्र्याचं घर आहे मुकुंदवाडीत. मी गेलेय तिथं.

विहीणबाईंचा फोन. सोमवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू, यायचंच. मन नव्हतं. पण पोरीचं सासर. जावं लागतं.

२८ एप्रिल, सोमवार
कसं लिहू.

सिडकोत गेले. गौर झोपाळ्यात, आरास छान. कैरीची डाळ, पन्हं. बायका लई. विहीणबाई नव्या पैठणीत. त्यांनी पाडव्याला डबे सुरू केलेत हे मला ठाऊक होतं. भिशीतल्या चारपाच जणींना देते, विरंगुळा म्हणून, असं सांगितलं होतं. मी म्हणले होते, लागलं तर विचारा.

ओटी भरताना एक शेजारीण म्हणली, "यांच्या विरंगुळ्याला आता दोन गाड्या लागतात हो." सगळ्या हसल्या. विहीणबाईबी हसल्या. मला म्हणल्या, "अहो सगळं तुमच्या लेकीमुळं. पहाटे पाचला आपोआप सगळं मोजून येतं. मी तर तेव्हा झोपलेली असते. बघा, बघा," अन् मोबाईल माझ्या हातात दिला.

मेसेज होता. "आज डबा हाय का नाय? पोळ्या किती ते मोकळ्या तोंडानं सांगा." हे माझं वाक्य आहे. मी बोलले तसं रू.नं दिवाळीत लिहून घेतलं होतं, हसत होती लिहिताना. विहीणबाई असलं बोलत नायत. त्यांच्या तोंडून हाय-नाय कधी निघत नाय.

रू. पन्ह्याचा ट्रे घेऊन समोर उभी. माझ्याकडं बघितलं. ट्रे माझ्यापुढं केला.

मी पन्हं घेतलं. प्याले. चांगलं झालंय म्हणले. दुसरं काय करणार होते त्या बायकांत. रिक्षात बसल्यावर ओटीतला गहू सगळा सांडला.

२९ एप्रिल, मंगळवार
आली. एकटी. स्कूटी बाहेरच लावली.

"नवीन खातं काढायला मम्मींचं कार्ड लागत होतं. त्या देईनात. म्हणल्या आपल्या घरात इंजिनीर असून पैसे कशाला भरायचे. मला वाटलं चार डबे आहेत, तुझ्या चावीवर चालून जातील. मग वाढत गेलं."

"मला सांगायचं होतंस."

"तू दिलं नसतंस."

दिलं असतं का? त्या बाईला? नसतं दिलं कदाचित. पण सांगायचं तर होतंस.

"अन् बटण दोनदा दाबतेस म्हणालीस ते? नीट वाचत नाहीस म्हणालीस ते? महिनाभर मला येडी ठरवलीस, अन् तुला ठाऊक होतं."

"आई, मला तिथं राहायचंय. तुला माहितीये ना त्या घरात कसं..." रडायली.

मी पाणी दिलं. रडू दिलं. मग विचारलं, "अन् संगीताचं नाव का घेतलंस?"

तोंड पुसून म्हणली, "पटकन तेच आलं तोंडात."

पटकन. दुसरं सगळं मी गिळीन एखादवेळेस. हे गिळत नाय.

३० एप्रिल. अक्षय तृतीया
मुकुंदवाडीला गेले. आमरस घेऊन. संगीतानं दार उघडलं, आत या म्हणली नाय. मी उंबऱ्याबाहेरून सांगितलं, तू नव्हतीस, माझ्या पोरीचं काम होतं. माझं चुकलं.

"तुम्ही सगळ्यांसमोर म्हणलात. आता एकटीला सांगायल्यात."

खरं आहे.

"ताई, तुम्ही येडताक आहात, तोंडाला येईल ते बोलता, मला ठाऊक आहे. पण रूपाली तसली नाय. ती समजून-उमजून बोलली. तिला पाठवा." आमरस तिच्या सासूनं ठेवून घेतला. संगीतानं हात लावला नाय.

मदतवाल्या बाईला विचारलं, चावी कशी बदलायची. म्हणली एका बटणाचं काम, बदलली की जुनी त्याच क्षणी मेली. तुमच्याशिवाय कोणाचंच चालणार नाय. सोपं आहे म्हणली.

तिला काय. तिकडं बंद पडलं की विहीणबाई कोणाचा जीव घेतील ते मला ठाऊक आहे. अन् नाय बदलली तर देशमुख सर. उद्या महाराष्ट्र दिन, कंपन्या बंद, मुलीबी निम्म्या गावाला. एक दिवस मिळाला. परवा सगळं चालू.

१ मे, गुरुवार
रू.ला फोनवर सांगितलं, उद्या पहाटे बदलणार. पहिलं संगीताकडं जाऊन ये.

"जाईन." कधी ते सांगितलं नाय.

२ मे, शुक्रवार
पहाटे दारात रू. उभी. न सांगता आली. "मीच बदलते, तुझ्याकडून राहील काहीतरी." बसली, बदलली. लई वेळ लागला नाय. नवी चावी माझ्याच कपाटाला चिकटवली.

पाचला तिन्ही कामं एकदम लावली. एका दमात झाली. लाल नाय. पोळ्यांचा आकडा, उपास-पथ्य, गाड्या, सगळं. बायकांनी कणीक घेतली. अन्वर भाई वेळेवर निघाला, जाताना हॉर्न वाजवला.

आनंद व्हायला पाहिजे होता.

रू.ला म्हणलं, संगीता? म्हणली, "जाईन ना आई. आज नको." मग माझ्याकडं पाठ करून, डबे पुसत पुसत, "मम्मींचा फोन येईल तुला. त्यांना सांग कंपनीनंच बंद केलं. मला काही माहीत नव्हतं असं सांग. एवढं कर. परत काही मागणार नाही."

म्हणजे आता मीबी पटकन काहीतरी सांगायचं.

नाय सांगितलं तर ती आज संध्याकाळी कोणत्या घरात परत जाणार आहे ते मी बघितलंय. सांगितलं तर संगीताच्या दारात मी कोणत्या तोंडानं

फोन वाजतोय. विहीणबाई. वाजून थांबला. रू. पोळ्या मोजायली, हातानं, आकडा स्क्रीनवर समोर असताना. वर बघत नाय.

परत वाजतोय. उचलते. काय सांगायचं ते अजून ठरलं नाय.