बाभळीचा ठोकळा

४ जानेवारी १९९२, पहूर

ट्रॉली तयार! माझ्या हातचं काय काय, ते लिहून ठेवतो. सांगाडा — पाच इंची चॅनेलचा. दांडी. हूक. धुरा लेथवर स्वतः काढला. आणि ब्रेक. तो कुठल्या पुस्तकात पाहिलेला नाही, डोक्यातून काढला. उतारावर ट्रॉली गाडीला मागून रेटायला लागली की दांडी आत सरकते, तार ताणते, ट्रॉलीची चाकं आपोआप धरतात. ड्रायव्हरला काही करावं लागत नाही! सातवी नापास माणसाचं काम आहे हे.

एकच वस्तू माझी नाही — चाकामागे लावायचा बाभळीचा ठोकळा. तो नूर महंमद सुताराचा. वीस वर्षं आमची दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. एवढा ब्रेक असताना ठोकळा कशाला, लोक हसतील, म्हटलं. तो रंधा मारतच राहिला. "ब्रेक तुमचा, ठोकळा माझा."

७ जानेवारी

खडी फोडायचं मशीन ट्रॉलीवर चढवलं. साडेतीन टन. साक्रीच्या पुढे डोंगरातल्या रस्त्याच्या कामावर पोचवायचं. ओढणार माझी जुनी पिकअप. कौतिक गॅरेजवाला मुद्दाम बघायला आला. म्हणे, "चुडामणभाऊ, नांगराला बकरी जुंपली की!" हसू दे. टेकाडावरच्या उतारावर ब्रेक पुन्हा पुन्हा तपासला. दर वेळी धरला.

८ जानेवारी, धुळे

पोचलो. वाटेत एका लांब उतारावर ब्रेक असा धरला की सोबत आलेल्या नूरनंही मान डोलावली. क्लचला जरा वास येतो.

९ जानेवारी

लिहवत नाही.

१० जानेवारी, धुळे, दवाखान्याचा व्हरांडा

काल चढणीच्या पायथ्याशी चहा घेतला. टपरीवर जीवराम नावाचा ट्रॅक्टरवाला बसला होता. त्याला ब्रेक समजावून सांगितला. मग चढ धरला. नूरला गाडीत बस म्हटलं, बसला नाही. ठोकळा घेऊन मागून चालत होता.

दुसऱ्या वळणावर क्लच गेला. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही — मग मागे सरकायला लागली. ब्रेकवर जवळजवळ उभा राहिलो. पिकअपची चाकं जाम, तरी घसरत मागेच. आणि ट्रॉलीचा ब्रेक? बोजा मागे ओढतो तेव्हा दांडी बाहेर ताणलेली राहते. तार ढिली. चाकं मोकळी. मी नुसत्या उताराचाच विचार केला होता. चढ डोक्यातच आला नाही.

नूरनं ठोकळा लावला. तो फुटला नाही. बारीक खडीवरून सरकत गेला, त्याला धरून बसलेल्या नूरसकट. सोडून बाजूला झाला असता तर त्याला काही झालं नसतं — आणि ट्रॉली मला घेऊन दरीत गेली असती. त्याच्या अंगावर येऊन थांबली ती.

जीवराम ट्रॅक्टर घेऊन धावत आला. त्यानंच ट्रॉली ओढून नूरला काढलं. कंबर, डावी मांडी.

११ जानेवारी

नूरची बायको कनीज आली. रडली नाही. मला एवढंच विचारलं, "भाऊ, त्या चढावर ओढून द्यायला कोणी नव्हतं का?"

माझं तोंड उघडण्याआधी नूर बोलला. डोळे मिटलेलेच. "डोंगरात कुठं ट्रॅक्टर मिळतो? भाऊनी पुष्कळ शोधला."

मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेलो.

१२ जानेवारी

ठोकळा पिकअपमध्येच आहे. एका कोपऱ्याचा टवका गेलाय. बाकी जसाच्या तसा.

१४ जानेवारी

नूर महंमद गेला.

१६ जानेवारी, पहूर

दुकानात सगळे सांत्वनाला येतात. तुमचा काय इलाज होता, म्हणतात. कनीजनंही तेच निरोपात सांगितलं.

१७ जानेवारी

पायथ्याशी चहा पिताना जीवराम म्हणाला होता, "भाऊ, मन्हा ट्रॅक्टर शे. वर लगून वढी देसू." नूर म्हणाला, घेऊ या वरपर्यंत ओढून. मी म्हटलं, आमच्या ट्रॉलीला गरज नाही.

साठ रुपये मागत होता.