वीस मशीन, एक नाव

११ फेब्रुवारी २००३, मंगळवार. केज

कन्याशाळेत वीस मशीन उतरवल्या. थर्माकोलच्या तुकड्यांसाठी पोरींची झोंबाझोंबी. वीज साडेदहाला गेली ती दोनला उगवली. तोवर हेडक्लार्क अंबादासरावांच्या टेबलाशी चहा. यांचे वडील निजामाच्या कचेरीत होते, त्यांची भाषा यांनी पानदानासारखी घासून-पुसून जपलीय. 'कळवतो' म्हणून म्हणायचं नाही, 'इत्तला देतो'. "बसा अप्पा, वीज आली की इत्तला देतो." वीज आली तेव्हा स्वतः घोरत होते.

दुपारी एक मशीन पूर्ण तयार केली. विंडोज, वर्ड, मराठी अक्षरं, प्रिंटर, सगळं. वर्ड भरताना मध्येच चौकट येते : तुमचं नाव? शेजारी वंदना शेटे मॅडम उभ्या. गणित शिकवतात, आता संगणकही त्यांच्याच गळ्यात. म्हटलं, "टाका मॅडम तुमचं. लॅब तुमचीच हाय." लाजल्या. एका बोटानं एकेक अक्षर हुडकून टाकलं. माहेरचं आडनाव. पाटोद्याच्या. आठ वर्षांची मुलगी घेऊन स्टँडमागं एका खोलीत राहतात. बाकी विचारलं नाही.

१२ फेब्रु.

आज नकला. कालच्या तयार मशीनची डिस्क काढली, त्या मशीनला माझ्या दुकानातली एक कोरी दिली आणि काढलेलीवरून एकेक करून वीसही डिस्का भरल्या. "असं कसं हो? प्रत्येकात वेगळं भरायला नको?" मॅडम. म्हटलं, "विरजण बघा. एका वाटीतलं चमचा-चमचा वीस भांड्यांत. सकाळी सगळीकडं तेच दही." मान डोलावली. गृहिणीला सांगायला यापेक्षा बरं उदाहरण नाही. स्वतःवर खूश.

डिस्क फिरताना कान लावून ऐकतो. रेडिओ दुरुस्तीची सवय. रेडिओ आधी ऐकायचा, मग उघडायचा. एकोणीस गोड. वडवणीच्या रस्त्यावरल्या जीपसारखी एक खरखरते, पण चालेल.

मूळ डिस्क दुकानात आणून कपाटात ठेवली. उद्या एखादी मशीन मेली तर पुन्हा लावायला. विरजण संपवून चालत नाही.

१३ फेब्रु.

वायरी जोडल्या आणि गोंधळ. वीसच्या वीस मशीन एका सुरात : हे नाव आधीच वापरात आहे. साहजिक. एकीची नक्कल, सगळ्यांचं नाव एकच. वर्गात वीस कमळ असल्यावर हजेरी कशी घेणार? एक ते वीस आकडे टाकणार होतो. मॅडम म्हणाल्या, "आकडे नको. पोरींना गावं द्या." मग एकेकीला : केज, पाटोदा, वडवणी, धारूर... आपापल्या गावाच्या मशीनवर बसायला भांडणं. नववीतली एक डब्यात घुगऱ्या घेऊन आली, बारसं म्हणून. पोरींनी मशीनच्या कानात कुर्र केलं. नेमका कान कुठला त्यावरून वाद. हसून पोट दुखलं. पांढऱ्या चिकटपट्टीवर नावं लिहून लावली.

सातवी नापास माणसानं वीस लेकरांची बारशी केली. बाप असता तर...

२५ मार्च, मंगळवार

प्रिंटरची एक पिन मोडलीय. प्रत्येक ओळीत बारीक पांढरी रेघ येते. नवा हेड मागवावा लागेल, तोवर चालवा म्हटलं.

शाळेत पाणी नाही. मुलींच्या संडासाला कुलूप. मधल्या सुट्टीत मोठ्या मुली घरी जातात त्या परत येत नाहीत. अंबादासरावांची नातही. त्यांनी हे मला सांगितलं नाही, मान खाली घालून रजिस्टरला सांगितलं.

पण लॅबच्या खिडकीशी मोटारीचा आवाज येतो. बोअरची. चांगला भरल्या घशाचा, पाणी ओढतानाचा. नळ कोरडा. बोअर शाळेच्या आवारात, पाईप भिंतीखालून संस्थेच्या सचिवांच्या मोसंबीच्या मळ्यात. सचिव म्हणजे नानासाहेब. गावाला माहीत आहे. गावाला बरंच माहीत असतं.

१६ एप्रिल, बुधवार

नानासाहेबांचं बोलावणं. ऑफिसात ते, हेडसर, टेबलावर एका अर्जाची झेरॉक्स. निनावी. शिक्षण खात्याला गेलेला, तिथून कुणीतरी यांच्याकडं पोचवलेला. पाणी, पाईप, कुलूप, सगळं लिहिलेलं. वाचायला दिला नाही, नुसता समोर धरला. ओळीओळीत पांढरी रेघ. आपल्याच प्रिंटरची.

"अप्पा, तू हुशार. कुण्या बेन्यानं लिवलं, मशीन सांगती का?"

लॅबमध्ये गेलो. हे दोघं मागं उभे. तारखेवरून शोधत शोधत 'वडवणी'च्या कचरापेटीत फाईल सापडली. पुसली होती, पण कचरापेटी रिकामी करायची राहिलेली. मला चेव चढला. म्हटलं, थांबा, अजून एक गंमत दाखवतो. फाईलची माहिती उघडली, लेखक या रकान्यावर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं.

वंदना शेटे.

नानासाहेबांनी पाठीवर थाप मारली. "सी.आय.डी. हाय बे तू." मी चहा घेतला. बिस्किटंही.

१७ एप्रिल

दुकानात सहज एक फ्लॉपी लावली. तिच्यात धारूरच्या शाळेसाठी केलेलं माझं पत्र, मागच्या महिन्यात कन्याशाळेच्या लॅबमध्ये बसून मीच टाईप केलेलं. माझी बोटं, खाली माझं नाव. माहिती उघडली.

लेखक : वंदना शेटे.

मूळ मशीनवर वर्डमध्ये त्यांचं नाव. विरजणात जे, ते वीस भांड्यांत. वरची नावं बदलली, चिकटपट्ट्या लावल्या, घुगऱ्या खाल्ल्या. पोटातलं नाव बदलायचं राहिलं. त्या लॅबमध्ये कुणीही काहीही लिहिलं तरी लेखक वंदना शेटे. पाचवीतल्या पोरीचा गाईवरचा निबंधसुद्धा.

हे मला काल आठवलं नाही. बिस्किटं खाताना आठवलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळीच नानासाहेबांच्या मळ्यात. मोसंबी हिरवीगार, खाली ओल. फ्लॉपी दाखवली, सगळं सांगितलं. माझी चूक, मॅडमचा काही संबंध नाही म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस हुशार आहे, पहिल्याच वाक्यात समजलं होतं.

"मग कुणी लिवलं?"

"ते मशीनला कळत न्हाई."

"तुला कळतंय का?" अर्ज पुढं केला. या वेळी वाचू दिला.

तिसऱ्या ओळीत थांबलो. '...याबाबत वेळोवेळी तोंडी इत्तला देऊनही...'

कानात आवाज आला. खाकरून बोलण्याची ती ढब. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही असं वाटतं.

"न्हाई बा."

"अप्पा, अर्जाला नाव लागतं. तू एक आणलंस. ते खोटं असंल तर खरं आण. खरं नाव दे, मॅडमचं नाव घेऊन जा."

निघताना फ्लॉपी स्वतःच्या खिशात टाकत म्हणाले, "वडवणी, पाटोदा, दोनी शाळांत औंदा लॅब हाय. तूच कर." मी 'हो' म्हणालो. तोंडाला सवय.

२४ एप्रिल

मॅडमना पत्र मिळालं. खुलासा मागितलाय. शिक्षणसेवक म्हणून जूनमध्ये तीन वर्षं भरतात, मग कायम. भरायच्या आत 'सेवा समाधानकारक नाही' असा शेरा पडला की संपलं. शिपाई सांगत होता, पत्र हातात घेऊन त्यांनी तास पुरा केला. फळ्यावरचं गणितही सोडवलं. उत्तर बरोबर आलं म्हणे.

२६ एप्रिल, शनिवार

अंबादासरावांना स्टँडवर गाठलं. पाटोद्याची गाडी लागलेली, लोक खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरतायत. त्या गर्दीत म्हटलं, "राव, इत्तला हा शब्द केजात आता एकटे तुमीच वापरता."

हातातली पिशवी खाली ठेवली. मग, "अप्पा, पाच महिने राहिलेत माजे रिटायरला. ऑगस्टअखेर." मी महिने मोजले नाहीत. घाबरलेला माणूस एखादा वाढवून सांगतो.

"मॅडमचं काय?"

"त्यांचं नाव मी न्हाई लिवलं. मी तर कुणाचंच लिवलं न्हाई. तुमी वाचून दाखवलं."

खरं आहे.

"कावून लिवलं मग राव? एवढी वर्षं गप बसला."

"नात म्हणली, आजोबा, तुमच्या शाळेत मी न्हाई येणार आता. तुमच्या शाळेत, म्हणली."

गाडी निघून गेली. ते चढलेच नाहीत. मला वाटलं चढायचंच नव्हतं.

२९ एप्रिल, मंगळवार

रविवारी नानासाहेबांचा निरोप आला : मशीनमध्ये व्हायरस शिरलाय, सुट्टीत सगळ्या पुसून नव्यानं भर. व्हायरस कुठला ते मला माहीत. वीसही मशीनमध्ये एकच नाव आहे, हा शाळेतला मॅडमचा एकमेव पुरावा. तो मीच पुसायचा.

नाही म्हणता आलं असतं.

दोन दिवसांत केलं. नवी मूळ मशीन, नव्या नकला. पुन्हा ती चौकट : तुमचं नाव? रिकामी ठेवली तर पुढं जाऊ देत नाही. माझं टाकावं असंही मनात आलं. टाकलं 'शाळा'. कुणा माणसाचं टाकायची हिंमत झाली नाही.

कानाला जाणवलं ते एवढंच, की वीस डिस्का फिरत असताना खिडकीबाहेर मोटार चालू होती. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळत होते.

५ मे, सोमवार

मॅडम दुकानात आल्या. सोबत मुलगी. तिला मी जुन्या रेडिओची बटणं फिरवायला दिली.

शिव्या देतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "अप्पा, मला कळलं कसं झालं ते. विरजण." एवढंच. मग, "सोमवारी बारा तारखेला बीडला शिक्षणाधिकारी साहेबांपुढं सुनावणी आहे. शाळेतल्या मशीन आता स्वच्छ आहेत म्हणे."

"हो. मीच..."

"माहीत आहे."

तेवढ्यात मुलीनं रेडिओतून खरखर काढली आणि विचारलं, "आजोबा, हा कुठून बोलतोय?" म्हटलं, दोन गावांच्या मधल्या जागेतून.

मॅडम उठता उठता, "तुमच्याकडं पहिली डिस्क असेल ना? ती नुसती दाखवा. तुम्ही बोलू नका. मी बोलेन."

बघतो म्हणालो. हो म्हणालो नाही. हो म्हटलं तर वडवणी गेली, पाटोदा गेलं, उद्या या तालुक्यात माझ्या दुकानाची पायरी कोण चढणार? आणि डिस्क दाखवली की साहेब विचारणारच, मग खरा लेखक कोण? माझ्या चेहऱ्यावर 'इत्तला' लिहिलेली असेल.

घरी हिला सांगितलं. ही भाकरी थापताना म्हणाली, "नाव वाचताना तर लई मोठ्यांदा वाचलं म्हणं तुमी."

११ मे, रविवार

कपाटातून मूळ डिस्क काढली. बनियनच्या कापडात गुंडाळलेली. तीन महिने पडून. दुकानाचा पत्रा दुपारी तवा होतो, तेव्हा मनात धाकधूक होतीच. जोडून सुरू केली आणि कान लावला.

टक. टक. मग फिरली. परत टक.

हा आवाज मी ओळखतो. आत सुई घासतेय. अशी डिस्क एकदा उठते, फार तर दोनदा. उघडून बघितली असती तर नाव आहे का ते कळलं असतं, पण ते बघण्यात तिचं उठणं खर्च झालं असतं. दुसऱ्या डिस्कवर उतरवायला गेलो तर वीस मिनिटं फिरवावी लागेल, तेवढी टिकायची नाही. लगेच बंद केली. आता ती उघडायची तर साहेबांपुढं, नाहीतर कधीच नाही. तिथं पोचेपर्यंत जीपचे खड्डे आहेत. उठली तर उठली. न उठली तर मॅडम म्हणतील, हिच्यात माझं नाव आहे, आणि सगळे एका काळ्या पडद्याकडं बघत बसतील.

मग तोंड कुणाचं उघडेल, ते मला आज सांगता येत नाही.

चारच्या सुमारास अंबादासराव आले. उन्हातून चालत, डोक्यावर टॉवेल. बसा म्हटलं तर बसले नाहीत. काउंटरवरच्या बनियनच्या गाठोड्याकडं बघितलं, काय आहे ते विचारलं नाही.

"अप्पा, बीडला पहिली जीप कितीला?"

"सहाला. भरली की आधीबी सुटते."

"बरं." पायरी उतरले, पुन्हा वळले. "पुढं बसलं की धक्के कमी लागत्यात, न्हाई का?"

"कमी लागत्यात."

गेले. जागा धर म्हणाले नाहीत. धरू नको असंही नाही.

डिस्क टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवली, पिशवी खुंटीला. ही पीठ मळायला बसली. "उद्याला डबा करू का?"

"कर."

"किती जणांचा?"

पिशवीकडं बघत मोजत राहिलो : मी, मॅडम, आणि अंबादासराव धरायचे का. ही पिठात हात घालून थांबलीय, अजून थांबलीय.